उजवीकडची खुर्ची

९, मंगळवार

आज भाऊजींचे विमान एका मोठ्या प्रवासी विमानावर आदळता आदळता राहिले.

मी हँगरमध्ये शिकाऊ विमानाची काच पुसत होतो. मेस्त्री रेडिओजवळ चहा पीत होते. ते एकदम उभे राहिले आणि चहा पँटवर सांडला तरी जागचे हलले नाहीत. रेडिओवर मोठ्या विमानतळावरच्या बाई भाऊजींच्या विमानाचा नंबर घेऊन "डावीकडे वळा, ताबडतोब वळा" असे सांगत होत्या. उत्तर द्यायलाही वेळ उरला नव्हता. मग एका पुरुषाचा आवाज आला. तो मोठ्या विमानाचा पायलट. तो ओरडला नाही. इतकेच म्हणाला, "आमच्या पंखाखालून गेला. मला त्याच्या चाकांना लागलेला चिखल दिसला."

ती चाके मी काल संध्याकाळी धुतली होती. चिखल आज सकाळचाच असणार. त्या विमानात दीडशेच्या वर माणसे असतील असे मेस्त्री म्हणाले, आणि मी चिखलाचा विचार करत उभा होतो.

भाऊजी उतरले. त्यांच्याबरोबर नेहमीचा फोटोवाला होता, जो वरून कारखान्यांचे आणि इमारतींचे फोटो काढतो. तो आधी उतरला आणि कुंपणाला धरून ओकला. भाऊजी शांत होते. ऑफिसात शिरताना मात्र त्यांचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. एवढ्या धक्क्यानंतर माणसाची पावले सरळ कशी पडणार?

१०, बुधवार

चौकशी होणार आहे. विमान खात्याच्या मोठ्या कार्यालयातून कोणी बाई येणार आहेत. चूक पायलटची निघाली तर भाऊजींचे लायसन्स जाईल. म्हणून सगळे पहिल्यापासून मांडून पाहतो.

मी ताईकडे राहतो. नववीत शाळा सुटल्यावर भाऊजींनीच मला फ्लाइंग क्लबच्या या मैदानावर कामाला लावून घेतले. विमाने बाहेर काढणे, पुसणे, इंधन भरणे, आणि रोज सकाळी प्रत्येक विमानातल्या उंचीच्या घड्याळाची खुंटी पिळून सुई लावणे, ही माझी कामे. हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून सुई रोज लावावी लागते. आमचे मैदान समुद्रापेक्षा साडेतीनशे फूट उंचावर आहे. शिकाऊ मुले मैदानाभोवतीच घिरट्या घालतात, त्यांना हिशेब सोपा जावा म्हणून जमिनीवर सुई शून्यावर ठेवायची, ही इथली जुनी पद्धत. दुसरीकडे कुठे असे करत नाहीत म्हणे. मैदान सोडून बाहेर जाणाऱ्या विमानाची सुई मात्र समुद्रापासून मोजायची, म्हणजे जमिनीवर ती साडेतीनशे दाखवते. मोठी विमाने तशीच मोजतात. हा बदल ज्याचा त्याने उडण्यापूर्वी करायचा असतो.

भाऊजींच्या विमानात तो बदल मी करतो. गेल्या हिवाळ्यापासून. "तुझा हात हलका आहे," ते म्हणाले होते. "त्या घड्याळाच्या एवढ्याशा खिडकीतल्या आकड्यांशी मी कशाला डोळेफोड करू?"

आज जेवताना त्यांनी सहज म्हणावे तसे म्हटले, "सुई शून्यावर होती रे काल."

मी घास खाली ठेवला. ताईचा हात भांड्यातच राहिला.

"मी लावली होती, भाऊजी," मी म्हणालो. "म्हणजे, लावली असं वाटतं."

"वाटतं ना? माणूस आहेस. नऊ विमानांची शून्यावर लावलीस, दहाव्याचीही लावली असशील हाताच्या सवयीने. मी खाली येताना बघितलं, तेव्हा सरळ केली. जाऊ दे."

"अहो," ताई म्हणाली.

"मी त्याला रागावलो का? म्हटलं ना, जाऊ दे."

म्हणजे असे झाले. मोठ्या विमानांच्या वाटेखालून जाताना लहान विमानाने पंधराशेच्या वर चढायचे नाही. मोठी विमाने तिथे दोन हजारांवर असतात. मधे पाचशे फुटांची जागा मोकळी. भाऊजींची सुई पंधराशे दाखवत होती, पण ती समुद्राऐवजी मैदानापासून मोजत असल्यामुळे भाऊजी खरे साडेअठराशेवर होते. माझ्यामुळे.

मला जेवण गेले नाही. उठताना मी भाऊजींचा पाण्याचा पेला ताटाच्या उजव्या बाजूला सरकवला तर ताईने लगेच उचलून डावीकडे ठेवला. हल्ली ती या बाबतीत फार काटेकोर झाली आहे.

१२, शुक्रवार

मेस्त्रींना सांगितले. वाटले होते ते शिव्या घालतील. ते हसले.

"शून्यावर होती? कोण म्हणालं?"

"भाऊजी."

"हे बघ शुद्धलेखन." हँगरच्या दारावरच्या पाटीतला 'धुम्रपान' मी रंग आणून दीर्घ केला तेव्हापासून ते मला याच नावाने हाक मारतात. "विमान उतरल्यावर सगळ्यात आधी आत डोकं कोणी घातलं? मी. सुई साडेतीनशेवर होती. जिथे पाहिजे तिथे."

"खाली येताना त्यांनी सरळ केली ना."

"खाली येताना! मरणाच्या दाढेतून सुटलेला माणूस आधी धावपट्टी शोधतो की खुंट्या पिळत बसतो?"

"भाऊजी खोटं कशाला बोलतील?"

मेस्त्रींनी पाना फडक्यात गुंडाळला, पुन्हा सोडला. "पाट्यांवरच्या चुका तुला पुरत नाहीत का रे? न केलेल्यासुद्धा स्वतःच्या नावावर लावून घ्यायला निघालास."

मी त्यांना म्हटले, मग चौकशीच्या बाईंना तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "मी यंत्राचा माणूस. यंत्र नीट आहे का विचारलं तर नीट आहे सांगेन. माणसाचं विचारलं तर... विचारणार नाहीत. आणि घर कोणाचं चालतंय त्या लायसन्सवर? तुझंच ना?"

मेस्त्री चांगले आहेत, पण त्यांना सरळ बोलता येत नाही. मी त्या सकाळचा प्रत्येक क्षण पुन्हा आठवून पाहिला. खुंटी पिळल्याचे आठवते. पण ती आठवण सोमवारची असू शकते, किंवा त्याआधीची. रोज तेच काम करणाऱ्याला एक सकाळ दुसरीपासून वेगळी कशी काढता येणार? घराचे कुलूप लावल्यावरही मी दोनदा परत येऊन ओढून पाहतो, आणि तरी रस्त्यात शंका येतेच. अशा माणसाच्या शब्दावर भाऊजींच्या शब्दापेक्षा जास्त विश्वास कोण ठेवेल? मी स्वतःसुद्धा ठेवत नाही.

१५, सोमवार

फोटोवाला विमानात राहिलेली लेन्सची पिशवी न्यायला आला होता. विमानाजवळ जायला तयार नव्हता, मीच आणून दिली. मी त्याची माफी मागितली. सुईचे त्याला काही कळले नाही.

"उंचीचं मला विचारू नका," तो म्हणाला. "फोनवर चौकशीच्या बाईंनीही तेच विचारलं, मी म्हटलं मला काय ठाऊक. मला एवढं माहिती आहे की ते मला केव्हापासून दिसत होतं. उजव्या खिडकीत. आधी माशीएवढं, मग कबुतराएवढं. मी चांगले दोन फोटो काढले त्याचे."

"मग बोलला का नाही?"

"अहो, तुमचे भाऊजी त्याच्याकडेच तोंड करून बसले होते! मला वाटलं, गिऱ्हाइकाला गंमत म्हणून जवळून दाखवतायत. खिडक्या मोजता यायला लागल्या तेव्हा मी किंचाळलो. तेव्हा कुठे त्यांनी खाली मारलं." त्याने पिशवी छातीशी धरली. "तुमच्या भाऊजींची छाती मोठी आहे. पण मी आता बसनेच फिरणार."

रात्रीच्या जेवणाआधी मी हे भाऊजींना सांगितले. त्यांच्या धैर्याचे कौतुक ऐकून त्यांना बरे वाटेल असे वाटले होते. त्यांनी विचारले, "हे त्याने बाईंना सांगितलं?" मी म्हटले, नाही, त्यांनी फक्त उंची विचारली. भाऊजींनी उठून पुढचे दार लोटून घेतले. मग म्हणाले, "बाईंशी तू काय बोलणार आहेस?"

"खरं तेच."

"म्हणजे?"

"सुई मी शून्यावर ठेवली, असं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ताई आतून बाहेर आली, आमच्याकडे बघितले आणि परत आत गेली.

१६, मंगळवार

चौकशीच्या आधी भाऊजींना डॉक्टरांकडून तपासून यायचे आहे. आज संध्याकाळी ताई भांडी विसळता विसळता इंग्रजी अक्षरे म्हणत होती आणि भाऊजी तिच्या मागोमाग. एच, व्ही, झेड, डी. मग पुढची ओळ. भाऊजी एकदा चुकले तर ताईने ओलाच हात त्यांच्या दंडावर मारला. ती मागच्या वेळी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. तिचे पाठांतर पहिल्यापासून पक्के, शाळेत मला पाढेही तिनेच शिकवले.

मी विचारले हे काय चालले आहे. ताई म्हणाली, "रेडिओवर बोलायचा सराव." मी त्या अक्षरांचा शब्द लावून पाहिला, सरळ आणि उलटा. काही होत नाही.

१८, गुरुवार

डॉक्टरांनी भाऊजींना पास केले. ताईला आनंद व्हायला हवा होता. ती आल्या आल्या डोके दुखते म्हणून पडून राहिली.

१९, शुक्रवार

चौकशीच्या बाई ताईपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. चष्म्याला दोरी, समोर पाण्याची बाटली. क्लबच्या ऑफिसात एकेकाला बोलावले. मेस्त्री पाच मिनिटांत बाहेर आले. "यंत्र नीट आहे का विचारलं, सांगितलं," एवढेच माझ्याकडे न बघता बोलले.

मी आत जाऊन उभाच राहिलो. बाई म्हणाल्या, "बसा. घाबरू नका."

मी पाठ केल्यासारखे सगळे सांगितले. आमची शून्याची पद्धत, दहा विमाने, हाताची सवय. त्यांनी मधे एकदाही अडवले नाही. शेवटी विचारले, "हे सांगायला तुम्हाला कोणी सांगितलं आहे?"

"नाही." हे खरे आहे. कोणी सांगितलेले नाही.

"तुम्हाला ती शून्यावर ठेवल्याचं स्वतःला आठवतं?"

"ठेवली नसल्याचं खात्रीने आठवत नाही."

त्या थोड्या हसल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारले, "एक मला कळत नाही. बाकीचे पायलट बाहेर जाताना सुई स्वतः लावतात. तुमचे भाऊजी तुमच्याकडून का लावून घेतात?"

भाऊजी म्हणाले होते ते बारीक आकड्यांचे वाक्य माझ्या जिभेवर आले. पण ते चारचौघांत सांगणे मला बरे वाटले नाही. बाईंना वाटले असते मी आपली चूक थोरल्यांच्या आळसावर ढकलतो आहे. ज्यांच्या घरात वाढलो त्यांच्याबद्दल परक्यापुढे असे बोलू नये. म्हणून म्हणालो, "मी घरचा माणूस आहे. माझ्या हातावर त्यांचा विश्वास आहे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. अजून काही ऐकायला मिळेल असे त्यांना वाटत असावे. मी गप्प बसलो तेव्हा त्यांनी पेन उचलले. "इतकं सरळ कबूल करणारी माणसं मला फार भेटत नाहीत," त्या म्हणाल्या.

बाहेर आलो तर पाय हलके झाले होते. पहिल्यांदाच वाटले की मी काहीतरी नीट केले.

२१, रविवार

ताई आणि भाऊजींचे बंद दाराआड भांडण झाले. ऐकायचे नव्हते, पण भिंत पातळ आहे.

"आता तरी पुरे करा. बसा ना घरी."

"घरी बसून काय करू? भिंती बघू?"

"बघा. जेवढी दिसेल तेवढी बघा."

मग ताई रडत म्हणाली, "माझ्या भावाला कशाला पुढे केलंत?"

"मी केलं? तो स्वतः झाला. आणि हे घर कोण चालवणार, तुझा भाऊ? काचा पुसून?"

ताईला इतके टोचून बोलताना मी कधी ऐकले नव्हते. ती माझ्या चुकीमुळे त्यांच्याशी भांडते आहे याचे फार वाईट वाटले. दाराशी जाऊन सांगावेसे वाटले की मला कोणी पुढे केलेले नाही. पण नवरा-बायकोत आपण पडू नये.

२४, बुधवार

निकाल आला. क्लबची शून्याची पद्धत आजपासून बंद, सगळ्या सुया समुद्रापासूनच मोजायच्या. भाऊजींना उडण्यापूर्वी सुई न तपासल्याबद्दल ताकीद, पण लायसन्स राहिले. मला यापुढे विमानाच्या कोणत्याही यंत्राला हात लावायचा नाही. योग्यच आहे. मी बाईंच्या जागी असतो तर मैदानातूनच काढले असते.

मी घरी पळत आलो आणि ताईला सांगितले, "लायसन्स राहिलं!" ती ओट्याला टेकून उभी राहिली. मग मला जवळ ओढून घेतले आणि म्हणाली, "मला माफ कर रे."

"तू काय केलंस?" मी विचारले.

तिच्या हाताला साबण होता, माझ्या शर्टाला पाठीवर पाच बोटे उमटली.

२६, शुक्रवार

आज मला खूप मोठी गोष्ट मिळाली. भाऊजी म्हणाले, "उद्यापासून माझ्याबरोबर वर येत जा. पुढे, उजवीकडच्या खुर्चीवर."

मला खरेच वाटेना. ती खुर्ची दुसऱ्या पायलटची. मी म्हटले, "पण मला यंत्रांना हात लावायला बंदी आहे."

"हात नको लावूस. नुसता बस. सोबत. काही दिसलं तर बोलायचं, बस्स." मग म्हणाले, "मला काय म्हणायचंय ते कळलं ना तुला?"

"कळलं," मी म्हणालो, आणि खरेच कळले होते. एवढे होऊनही त्यांनी माझ्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. जिथे चुकलो तिथेच मला राखण करायला बसवत आहेत. हात नाही लावता आला तरी नजर ठेवता येईलच की. माझे डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी तोंड फिरवले.

मेस्त्रींना बातमी कळल्यावर ते हातातले काम टाकून आले. "कुठे बसवतोय तुला? उजवीकडे?"

"हो."

"कशासाठी, ते सांगितलंय त्यांनी?"

"हो, सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

मेस्त्रींनी इतका मोठा श्वास सोडला की जणू गेले कित्येक दिवस तो कोंडून ठेवला होता. "मग ठीक. तुला माहिती असलं म्हणजे झालं. मी दोन रात्री क्लबच्या साहेबांकडे जाऊ की नको करत होतो." माझ्या डोक्यावर टपली मारून ते गेले. जाता जाता ओरडले, "तुझ्याइतका चिकट पहारेकरी त्यांना सात जन्मांत मिळायचा नाही, शुद्धलेखन!"

ताईसुद्धा आज नीट जेवली. म्हणाली, "तू शेजारी असलास की मला धीर आहे." सगळ्यांनाच बरे वाटते आहे. त्या मंगळवारपासून आमच्या घरात पहिल्यांदा कोणी हसले.

२७, शनिवार

आज पहिल्यांदा वर गेलो. आम्ही दोघेच, सरावाला. जमिनीवर सुई साडेतीनशे. मी तीनदा पाहिली. वर चढलो, हजार, बाराशे, चौदाशे. सुईचे टोक केसासारखे बारीक असते आणि सतत थरथरते, तिच्यावरून नजर जरा हलली की तिने काय केले ते कळत नाही. मी पापणीसुद्धा बेताने लववत होतो. पंधराशेला जराशी वर सरकली तर मी लगेच म्हणालो, "भाऊजी, चाळीस फूट जास्त!" त्यांनी खाली घेतले.

मधे ते विचारत होते, "काय, सगळं ठीक?" मी म्हणत होतो, "ठीक, भाऊजी." एकदा घारींचा थवा काचेच्या उजव्या बाजूने इतका जवळून गेला की एकीचा पंख बाहेर खटकन लागला. भाऊजी दचकले. "बोलला का नाहीस?"

मला वाटले, माझी फिरकी घेत आहेत. घारी त्यांच्या तोंडासमोरून गेल्या. मी हसलो. ते हसले नाहीत, पण वर असताना ते गंभीरच असतात. खाली उतरल्यावर बोलतील असे वाटले, तर साहेब उद्याच्या गिऱ्हाइकांचे सांगायला धावत आले आणि बोलणे राहून गेले.

उद्या खरी फेरी आहे. एक बाई आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीला वरून आपले घर बघायचे आहे. घर नेमके मोठ्या विमानांच्या वाटेखाली आहे, पुन्हा त्याच पट्ट्यात. बाई आज पैसे भरायला आल्या तेव्हा जरा घाबरलेल्या होत्या, पेपरात वाचले होते म्हणे. मी त्यांना स्वतः सांगितले, ती चूक माझी होती आणि ती पुन्हा होणार नाही. त्यांना खूप धीर आला.

आज घारींकडे बघण्यात माझी नजर क्षणभर सुईवरून हटली होती, हे मला खरे तर भाऊजींना सांगायला हवे होते. तेवढ्यात ती वीस फूट सरकली होती. उद्या तसे होऊ देणार नाही. चाके जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत, खिडकीत काहीही आले, ती मुलगी मागून कितीही ओरडली, तरी मी मान वर करणार नाही.

बाहेर बघायला भाऊजी आहेतच.